कोल्हापूर शहरात पक्षी, बोटिंग आणि जुने कालवे असं सगळं एकत्र बघता येईल असा तलाव कोणता?

मुलीला पक्षी दाखवायचेत, तिला बोटीत बसायचंय आणि तुम्हाला स्वतःला जुन्या पाटपाण्याचा इतिहास बघायचाय, तोही एका दिवसात आणि शहर न सोडता, असं तुम्ही लिहिलंय. एकाच तलावावर हे सगळं नाही जमणार. दोन धरा. सकाळी कळंबा, संध्याकाळी रंकाळा. बाहेरून येणारे बहुतेक जण अंबाबाईचं दर्शन झालं की थेट रंकाळ्यावर जातात, भेळ खातात आणि तलाव बघितला म्हणतात. पण पाण्याची गोष्ट कळायची तर सुरुवात वरच्या अंगाने करायला हवी.

कळंबा तलाव शहराच्या दक्षिणेला, कात्यायनीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, संस्थानच्या काळात तो शहराला पाणी पुरवायला बांधला. जागा अशी निवडली की पंपाची गरजच पडू नये. तलाव उंचावर, पेठा खाली, त्यामुळे पाणी आपसूक उताराने मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यात, म्हणजे साठवण टाकीत, यायचं. कळंब्याहून परतताना रिक्षावाल्याला नुसतं 'खजिन्यावर घ्या' म्हणा, गाडी कुठे चढत नाही हे लक्षात येईल. आता शहराला काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी येतं, त्यामुळे कळंब्याचं महत्त्व लोक विसरत चाललेत.

पक्ष्यांसाठी थंडीत या आणि सातच्या आत काठावर असा. वारकरी पक्षी लगेच ओळखू येतो. सगळा काळा, कपाळावर तेवढा पांढरा टिळा, आणि उडायचं झालं तर आधी पाण्यावर चपचप पाय मारत लांबवर पळणार. हळदी-कुंकू बदक दिसलं तर मुलीला चोच बघायला लावा. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. मला स्वतःला मात्र कवड्या खंड्याच आवडतो. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत, चोच खाली रोखून हवेत थांबतो आणि मग धाडकन खाली. दोनदा हुकतो, तिसऱ्यांदा मासा घेऊन वर येतो. दुर्बीण असेल तर आणा, नसली तरी एवढं दिसतं. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावर भिजायला झुंबड उडते. दगडांवर शेवाळ असतं, मुलीला घेऊन तिथे जाऊ नका.

आता कालव्यांचं. इथे तुमची जरा निराशा होईल, कारण कोल्हापूरची खरी करामत कालवे न काढण्यात आहे. शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास राधानगरीचं धरण हाती घेतलं, पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. त्याचं पाणी लांबलचक कालव्यांतून फिरवत नाहीत, भोगावतीच्या पात्रातच सोडतात आणि ते पुढे पंचगंगेला येतं. वाटेत जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं, पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून पुराला वाट मोकळी करायची. काठावरचे शेतकरी मोटारी लावून पाणी उचलतात आणि ऊस पिकवतात. कालव्याचं काम नदीच करते म्हणा ना. हे डोळ्यांनी बघायचं तर दुपारी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर जाऊन या. पावसाळ्यात अख्खं गाव तिथल्या पाण्याच्या पातळीवरच बोलत असतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. सकाळी चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न 'किती झाली पातळी?' हाच.

शहरातली जुनी तळी मात्र बरीचशी बुजली. कपिलतीर्थावर मंडई आली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. जोराचा पाऊस झाला की त्या मैदानात पाणी साठतं, मग तिथे फुटबॉलऐवजी बेडकं.

रंकाळा अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. तिथे आधी दगडाची खाण होती आणि भूकंपात जमीन खचून पाणी वर आलं, अशी आख्यायिका. काठावरचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, तो तलावाला पोचला की प्रलय, हीही. मुलीला ही दुसरी नक्की सांगा, ती हिशेब करत बसेल. तलावातला दगडी संध्यामठ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की नीट दिसतो, पावसाळ्यात तो बुडतो. पलीकडे शालिनी पॅलेस आहे, तो लांबूनच छान. सांडपाण्यामुळे केंदाळ, म्हणजे जलपर्णी, मधूनमधून डोकं वर काढतं, तेव्हा काठाला वासही येतो, हे आधीच सांगून ठेवतो. इथे जुनेजाणते पोहतात, पण तुम्ही पाण्यात उतरू नका.

बोटिंग असतं, पण बारमाही असेलच असं धरून येऊ नका, आदल्या दिवशी लॉजवाल्याला विचारा. बोट नसली तर मुलीची समजूत चौपाटीवरच्या भेळेवर निघेल. तिखट कमी सांगा, आणि कमी सांगूनही झोंबलं तर तक्रार करू नका, आमच्याकडे कमी म्हणजे तेवढंच.