गंभीर पिक्चर थिएटरात पडतो आणि नंतर घराघरात चालतो, हे कसं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मारामारी नाही, विनोद नाही, नुसती माणसांची गोष्ट असलेला चित्रपट थिएटरात आठवडाभर टिकत नाही आणि वर्षभराने टीव्हीवर, ओटीटीवर तोच बघून जो तो हळहळतो, असं का? आणि व्हिडिओवरच्या कमाईतून निर्मात्याचं नुकसान भरून निघतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. बहुतेक वेळा नाही भरून निघत. बघणारे वाढतात, पण पैसे त्या प्रमाणात वाढत नाहीत. पहिल्याचं उत्तर लांबचं आहे आणि ते मी कोकणातून देतोय. मालवण तालुक्यातल्या एका बाजारात माझी कॅसेट लायब्ररी होती, पुढे तिथेच व्हीसीडी-डीव्हीडी ठेवल्या. कुठला पिक्चर लोक एकदाच नेतात आणि कुठला फिरून फिरून नेतात, हे रजिस्टरात मी स्वतः लिहीत होतो.

आधी थिएटरचा हिशेब. बातमीत ‘इतक्या कोटींचा गल्ला’ असं येतं तेव्हा तो पैसा निर्मात्याच्या खिशात गेला असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तिकिटातला जीएसटी आधी सरकारकडे जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तो 5 टक्के आहे आणि त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के. कर गेला की राहतो तो नेट गल्ला. त्यातून थिएटर आपला वाटा घेतं, मग वितरकाचं कमिशन, जाहिरातीचा खर्च, आणि उरलं तर निर्माता.

आता या वाटणीतली मेख बघा. 2009 साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात यावरून मोठा संप झाला, 4 एप्रिलपासून दोन महिने मोठे हिंदी चित्रपट लागलेच नाहीत. शेवटी ठरलं ते असं: पहिल्या आठवड्यात नेट गल्ल्याचे 50 टक्के वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यानंतर 30. कर वजा जाऊन तिकीट 150 रुपयांचं धरलं, तर पहिल्या आठवड्यात आलेला माणूस चित्रपटाला 75 रुपये देतो आणि चौथ्या आठवड्यात आलेला 45. मराठी चित्रपटांचं गणितही साधारण याच उतरत्या पायरीने चालतं.

मोठ्या हिरोच्या चित्रपटाला याने काही बिघडत नाही, त्याची माणसं शुक्रवारी सकाळीच रांगेत असतात. साध्या माणसांच्या गोष्टीला प्रेक्षक असा येत नाही. एक जाऊन येतो, तो घरी सांगतो, घरची बाई शेजारणीला सांगते, मग पुढच्या रविवारी चौघी मिळून निघतात. या तोंडी जाहिरातीला दोन-तीन आठवडे लागतातच. म्हणजे या चित्रपटाचा खरा प्रेक्षक घरून निघतो तेव्हा एकतर त्याच्या तिकिटातला निर्मात्याचा वाटा घटलेला असतो, किंवा शोच उरलेला नसतो. पहिल्या सोमवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की संध्याकाळचा शो जातो आणि सकाळी दहाचा राहतो. सकाळी दहाला घरातल्या कुठल्या बाईला सवड असते? 2015 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राईम टाइमला दाखवायला सांगितलं, त्यावर बराच वाद झाला आणि शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ ही वेळ ठरली. नियम चांगला होता. पण दुपारी बाराचा शोसुद्धा प्राईम टाइम झाला, तेव्हा त्यातला अर्धा अर्थ गेला असं माझं मत आहे.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हा तुरुंगातल्या दोन मित्रांचा अमेरिकन चित्रपट 1994 च्या सप्टेंबरात लागला. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर आणि पहिल्या फेरीतला गल्ला जेमतेम एक कोटी साठ लाख. ऑस्करची सात नामांकनं मिळाली म्हणून 1995 च्या सुरुवातीला तो परत लावला, तेव्हा अमेरिकेतला आकडा दोन कोटी ऐंशी लाखांच्या आसपास गेला. पुरस्कार एकही मिळाला नाही. खर्च अडीच कोटी आणि गल्ला दोन कोटी ऐंशी लाख म्हणजे सुटला, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण वर सांगितलेला थिएटरचा वाटा तिथेही असतोच, त्यामुळे तो तोट्यातच होता. मग कॅसेट आली. अमेरिकेत तिच्या तीन लाखांवर प्रती दुकानांत पाठवल्या गेल्या आणि 1995 मध्ये सर्वांत जास्त भाड्याने गेलेल्या कॅसेटींत तिचं नाव होतं. 1997 पासून टीएनटी या वाहिनीने तो पुन्हा पुन्हा दाखवायला सुरुवात केली आणि आज तो कुणाला सांगावा लागत नाही.

आता आमच्याकडे या. तळकोकणात पिक्चरला जाणं म्हणजे काय ते मुंबई-पुण्याच्या माणसाला पटकन कळणार नाही. किनाऱ्यावरच्या गावातून टॉकीज असलेलं शहर तीस-चाळीस किलोमीटर. सहाचा शो नऊला सुटतो, तोवर गावाकडे जाणारी शेवटची एसटी गेलेली असते. मग रिक्षा करा. पाच माणसांची तिकिटं आणि वर येण्या-जाण्याची रिक्षा हा खर्च माणूस वर्षातून एक-दोनदा करतो, आणि करतो तेव्हा ज्याचा डंका वाजतोय त्याच पिक्चरसाठी करतो. जून-जुलैत भाताची लावणी, पाऊस आणि जाणारी वीज, त्यामुळे घरातून कोणी हलत नाही. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, तेव्हा थोडी गर्दी होते. गणपतीत तर माणूस घर सोडतच नाही. शिवाय रिळांच्या काळात प्रिंट काढणं महाग होतं, मराठी चित्रपटाच्या प्रिंटा मोजक्या निघत आणि त्या मुंबई, पुणे, कोल्हापूर फिरून मगच घाट उतरत. तोवर पिक्चर पडल्याची बातमी आधीच पोचलेली असे.

म्हणून माझं म्हणणं आहे की आमच्यासारख्या भागात अशा चित्रपटाचा व्हिडिओ ही थिएटरनंतरची उरलीसुरली कमाई नव्हे, तोच त्याचा पहिला खेळ असतो. थिएटरात तो पडला असं जेव्हा म्हणतात, तेव्हा त्याच्या निम्म्याअधिक प्रेक्षकाला तो बघायची संधीच मिळालेली नसते.

ऐंशी-नव्वदच्या दशकात गणपतीला किंवा सत्यनारायणाच्या पूजेला रात्री ‘व्हिडिओ आणायची’ पद्धत होती. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि दोन-तीन कॅसेटी रात्रभराच्या भाड्यावर जायच्या. खळ्यात मांडव, मांडवात टेबल, टेबलावर टीव्ही, समोर सगळी वाडी. पहिला पिक्चर मारामारीचा, पोरांच्या आवडीचा. दुसरा बायामाणसांचा आणि म्हाताऱ्यांचा, ज्याला आमच्याकडे ‘रडूचो पिक्चर’ म्हणत. मारामारीची कॅसेट सकाळी परत यायची आणि त्या घरातून पुन्हा तिची मागणी व्हायची नाही. दुसरीचं वेगळं. चार दिवसांनी कोणी काकी बाजाराला आलेली दुकानात डोकवायची, “अरे, तोच पिक्चर परत दी, माझो शेवट बघूचो रवलो.” शेवट तिने पाहिलेला असायचा. तिला तो बहिणीला दाखवायचा असायचा.

कॅसेट हातात घेतली तरी हे समजायचं. व्हीसीआरवर एखादा तुकडा पुन्हा पुन्हा मागे-पुढे केला की तिथली फीत झिजते, चित्रावर पांढऱ्या रेघा येतात, आवाज फाटतो. मारामारीच्या पिक्चरची फीत गाण्यांवर झिजलेली असायची. घरगुती पिक्चरची झिजायची ती शेवटच्या वीस मिनिटांत, किंवा मधल्या एखाद्या प्रसंगावर, जिथे गाणंही नाही आणि मोठा संवादही नाही. एका कॅसेटमध्ये म्हातारा बाप मुलाच्या घरातून पिशवी घेऊन निघतो, एवढ्याच तुकड्यावर रेघा होत्या. बाकी सगळी फीत स्वच्छ. अशा फिती मी फार जपल्या. आमच्या हवेत पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते आणि तशी कॅसेट लावली की व्हीसीआरचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, जातं. म्हणून कॅसेटींच्या कपाटात जून ते सप्टेंबर एक बल्ब कायम पेटता ठेवायचा आणि दर आठवड्याला प्रत्येक कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवायची. वीज नसली तर हाताने. गल्ल्याचे आकडे छापणाऱ्या कुणापर्यंत ही झीज कधी पोचली नाही याची मला आजही खंत आहे.

तसाच कौल पुरस्कारानेही फिरतो. ‘श्वास’ ही कोकणातल्या आजोबांची आणि नातवाची गोष्ट. मुलाच्या डोळ्यांना कॅन्सर आणि ऑपरेशनआधी आजोबा त्याला जग दाखवतात. 2004 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला ते मिळत होतं. मग भारताकडून ऑस्करलाही तो गेला. बातमी आल्यावर माझ्याकडे लोक नुसतं ‘श्वास आली काय?’ विचारायला यायचे. त्या वेळी एखादा गंभीर चित्रपट मागायला तरुण पोरं आलेली मी पाहिली, हे विशेष.

पण पैसे? इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. निर्माता व्हिडिओचे हक्क कंपनीला बहुधा एकरकमी विकायचा, तेही पुष्कळदा चित्रपट लागायच्या आधी किंवा पडल्यावर घाईघाईने. कंपनी कॅसेट काढायची, मी ती एकदा विकत घ्यायचो आणि ती झिजेपर्यंत भाड्याने द्यायचो. त्या भाड्यातला एक रुपयाही निर्मात्याकडे जायचा नाही. शंभर घरांनी बघितली काय आणि हजार घरांनी काय, त्याची रक्कम तीच. त्यातून चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट. 1984 मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला आणि कॅसेटवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं झालं. तरी कोऱ्या कॅसेटीवर उतरवलेली नक्कल बाजारात सहज मिळायची. पुढे 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली. तेव्हा भाड्याने नेण्यापेक्षा विकत घेणं परवडायला लागलं आणि मराठी घरगुती चित्रपट पहिल्यांदा लोकांनी स्वतःच्या कपाटात ठेवले. आनंदाची गोष्ट होती. पण इतक्या स्वस्त डिस्कमधून निर्मात्यापर्यंत किती झिरपणार?

आता डिस्कही गेल्या. टीव्ही वाहिनी आणि ओटीटी उरले, आणि तिथे नवीच अडचण आहे. पूर्वी थिएटरात पडलेल्या चित्रपटालाही व्हिडिओवर दुसरा डाव मिळायचा. आता ओटीटीवाले बऱ्याचदा थिएटरातला आकडा बघून मगच भाव ठरवतात. म्हणजे थिएटरात आपटला की व्हिडिओची किंमतही पडते. ज्या चित्रपटाला दुसऱ्या डावाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच हातातून तो निसटतो. टीव्हीचं थोडं बरं आहे. घरगुती चित्रपट रविवारी दुपारी लावला की आमच्याकडे आजही जेवणं आटपून सगळी बसतात, तो पाचव्यांदा लागलेला असला तरी. वाहिन्यांना हे माहीत आहे, म्हणून अशा चित्रपटाला टीव्हीवर अजून मागणी आहे.

तेव्हा नुकसान भरून निघतं की नाही, हे किती लोकांनी बघितला यापेक्षा करारात काय लिहिलंय यावर ठरतं. शॉशँकचे हक्क ज्यांच्याकडे राहिले त्यांना तो टीव्हीवर लागला की दरवेळी पैसे मिळत राहिले. आपल्याकडे एखाद्या छोट्या निर्मात्याने कर्जाच्या हप्त्यासाठी सगळे हक्क कायमचे देऊन टाकले असतील, तर पुढे चित्रपट कितीही गाजो, त्याला फक्त कौतुकाचे फोन येतात. तुमच्या ओळखीत कोणी चित्रपट काढत असेल तर टीव्ही, ओटीटी आणि यूट्यूब यांचे हक्क वेगवेगळे आणि ठरावीक वर्षांसाठीच द्यायला सांगा, मग पहिली रक्कम थोडी कमी मिळाली तरी चालेल. अशा चित्रपटाची मागणी उशिरा येते, आणि ती येईल तेव्हा हक्क त्याच्या हातात असायला हवेत.