शाईची रेघ आणि २३०० चा आकडा

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला तरल गतिकी शिकवतो. रेनॉल्ड्सच्या प्रयोगात नळीतून वाहणाऱ्या पाण्यात शाईची बारीक रेघ सोडतात आणि ती विस्कटून प्रवाह खळबळीचा होतो तेव्हाचा रेनॉल्ड्स क्रमांक (प्रवाहाचा वेग, नळीचा व्यास आणि पाण्याची श्यानता यांवरून काढलेला आकडा) नोंदवतात. काही गटांची रेघ १८०० च्या आसपासच विस्कटली, तरी सर्वांच्या जर्नलमध्ये उत्तर पुस्तकातले २३०० असेच आले. अशा प्रात्यक्षिकातून विद्यार्थी खरोखर काही शिकतात का?

उत्तर : शिकतात, पण उत्तर जुळवायला, आणि त्याचा दोष मुलांपेक्षा गुण देण्याच्या पद्धतीकडे अधिक जातो. २३०० ही काही दगडावरची रेघ नव्हे. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा नळीचे तोंड कर्ण्यासारखे पसरट ठेवून आणि टाकीतील पाणी दीर्घकाळ निवळू देऊन त्यांनी सुमारे १२,००० पर्यंत रेघ सरळ राहिलेली पाहिली होती. साधारण २००० च्या खाली मात्र नळीत शिरलेली खळबळ पुढे जाता जाता विरून जाते.

मग तुमच्या गटांचे १८०० कोठून आले? माझा पहिला संशय तापमानावर आहे. १० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर २० अंश सेल्सिअसला रेनॉल्ड्स क्रमांक सुमारे २१०० येतो, आणि तोच प्रवाह ३० अंशांना सुमारे २६५० वर जातो, कारण दरम्यान पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, सुमारे एक-पंचमांशाने घटलेली असते. टाकीत तापमापी न बुडवता तक्त्यातील २० अंशांची श्यानता घेतली असेल आणि पाणी प्रत्यक्षात ३० अंशांवर असेल, तर त्या गटाचे १८०० म्हणजे खरे २२५० होत. ज्यांना आपण चुकलो असे वाटून आकडा खोडावा लागला, त्यांचे डोळे कदाचित बरोबरच होते!

तापमान ठीक निघाले, तर शाई सोडणाऱ्या सुईकडे पाहावे. शाई भोवतीच्या पाण्यापेक्षा वेगाने सुटली, किंवा सुई नळीच्या मध्यावर नसली, तर रेघ तोंडाशीच लडबडते; ती पुढे पुन्हा सावरते का, हे नळीच्या दूरच्या टोकाशी डोळा नेऊनच कळते.

म्हणून पुढच्या वेळी छापील तक्ता देऊ नका. झडप उघडण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपला अंदाज शाईने लिहावा, मोजपात्र व स्टॉपवॉच स्वतः हाताळावे आणि एकच रीडिंग तीनदा घ्यावे. प्रयोगांची संख्या निम्मी झाली तरी चालेल. गुण मात्र आकड्याला न देता, तो आकडा तसा का आला याच्या स्पष्टीकरणाला द्यावेत, आणि खाडाखोड न केलेल्या १८०० ला पूर्ण गुण मिळू शकतात हे पहिल्याच तासाला सांगून टाकावे.