शिरस्त्राणात अस्त्र नाही

प्रश्न : आमच्या मंडळीच्या तरुण संघात बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचा अभ्यास झाला. वक्त्यांनी तिथल्या 'तारणाचे (म्हणजे उद्धाराचे) शिरस्त्राण' यातल्या शिरस्त्राणाची फोड शिर + अस्त्र अशी केली. म्हणजे विश्वासणाऱ्याने बुद्धीने सैतानावर करायचा मारा. हे बरोबर आहे का? आणि 'आत्मिक युद्ध' म्हणावं की 'आध्यात्मिक युद्ध'? (कळवा, ठाणे)

उत्तर : बरोबर नाही. शिर + अस्त्र धरलं तर शेवटी उरलेला 'आण' कुठून आला? ती काय डोक्याची शपथ आहे? ही फोड मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकली आहे की आता कुणी 'शिरस्त्र' म्हणालं तरी माझं शिर तापतं.

मूळ शब्द शिरस्, त्याला जोडलंय त्राण. 'उरस्त्राण'ही तसंच, उरस् + त्राण. दोन्ही शब्दांच्या शेवटी स् आहे, तो पुढच्या त्र-ला चिकटतो आणि कानाला अस्त्राचा भास होतो. 'पाद' या शब्दाला तो स् नाही, म्हणून 'पादत्राणे बाहेर काढावीत' ही पाटी वाचून पायातलं अस्त्र कुणी शोधत नाही. (सभेत चप्पल भिरकावली जाते तेवढ्यापुरतं ते अस्त्र खरं. फेकायचं ते अस्त्र, हातात धरून चालवायचं ते शस्त्र.)

अस्त्र, शस्त्र, नेत्र, पात्र यांतला 'त्र' हा साधन दाखवणारा प्रत्यय आहे. त्राणातला 'त्रा' हा धातू आहे, त्रै, म्हणजे राखणे. गीतेतल्या 'परित्राणाय साधूनाम्' मधला. ही सरमिसळ काही फक्त तुमच्या वक्त्यांनी केलेली नाही. 'मननात् त्रायते इति मंत्रः' हे व्यासपीठावरून ठणकावणारे भलेभले विद्वान तेच करतात. शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन यास्क आपल्या निरुक्तात 'मन्त्रा मननात्' एवढंच म्हणून थांबला. पुढचं 'त्रायते' मागाहून चिकटवलेलं आहे. ऐकायला गोड, व्याकरणात खोटं.

पण मला खरी गंमत वाटते ती मराठी त्राणाची. कळव्याला सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला मिळालाच, तर भायखळ्याला उतरेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. इथे त्राण म्हणजे रक्षण नव्हे, ताकद. संस्कृतातलं त्राण बाहेरून येतं : राजा देतो, देव देतो, चिलखत देतं. मराठीत ते अंगात कसं शिरलं? माझी अटकळ अशी की ते नकाराच्या दारातून शिरलं. 'आज माझ्यात भरपूर त्राण आहे' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्राण भेटतं ते नसतानाच : त्राण नाही, त्राण उरलं नाही, निस्त्राण होऊन पडला. या 'निस्त्राण'मध्येच सगळं गुपित आहे. ज्याला राखणारं कुणी नाही तो निस्त्राण, म्हणजे असहाय. असहाय तो गळालेला. मग लोकांनी गळालेल्या माणसाकडे बघून ठरवलं की त्याच्या अंगातून जे गेलं, तेच त्राण. माझे एक कोशवेडे स्नेही म्हणतात, हे दोन वेगळे शब्द माना आणि गप्प बसा. वेगळे मानायचे तर दुसऱ्याचं मूळ दाखवा. ते गेली कित्येक वर्षं 'बघून सांगतो' म्हणताहेत.

आणि इफिसकरांना पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या त्या उताऱ्यात हे दोन्ही अर्थ मांडीला मांडी लावून बसतात. दहाव्या वचनात तो म्हणतो बलवान व्हा, आणि लगेच अकराव्यात सांगतो, अंगावर चढवा. बळ पाहिजे, पण ते दंडात नाही, पेहरावात आहे. शिवाय पेहरावही देवाचा : यशया 59:17 मध्ये हे तारणाचं शिरस्त्राण खुद्द परमेश्वर घालतो. तिथे तारणाला हिब्रू शब्द आहे 'येशूआ'. येशू हे नाव त्याच धातूचं. कंबरपट्टा, उरस्त्राण, पायताण, ढाल, शिरस्त्राण, तलवार, या सहांत मारायची वस्तू एकच, शेवटची. बाकी पाच वाचायच्या. मराठी बायबलातल्या 'शस्त्रसामग्री' या भाषांतराने इथे थोडा घोटाळा केला आहे. मूळ ग्रीक 'पानोप्लिया'मध्ये ढाल-चिलखतासकट सगळा साज येतो. शिरस्त्राणाचा ग्रीक शब्द तर नुसता 'डोक्याभोवतीचं' एवढंच सांगतो. डोक्याभोवतीचं, हे घोडबंदर रोडवर हेल्मेट कोपराला अडकवून जाणाऱ्यांनीही ऐकावं. ते कोपरत्राण झालं.

हां, तुमचा दुसरा प्रश्न. आत्मिक म्हणा. आध्यात्मिक म्हटलं की मराठी माणूस डोळे मिटून स्वतःच्या आत बघू लागतो, आणि इथे तर बाराव्या वचनातले दुरात्मे समोर उभे आहेत. राहता राहिलं 'युद्ध'. पौल त्या वचनात युद्ध म्हणतच नाही. आपल्या बायबलात 'झगडणे' आहे, आणि ग्रीकात 'पाले', म्हणजे चक्क कुस्ती. त्याच्या आदल्याच वचनात सैतानाच्या क्लृप्त्यांसाठी मराठीत शब्द योजलाय 'डावपेच'. ज्याने तो योजला त्याने आखाडा पाहिलेला असणार.