रॅम भरपूर, तरी सर्व्हर गोठतो

प्रश्न: आमच्या लिनक्स सर्व्हरला २५६ जीबी रॅम आहे, तरी रात्री बॅकअप सुरू झाला की सगळं गोठतं. रॅम अजून वाढवू का?

उत्तर: अजिबात नको, उलट जास्त अडकेल. कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कवर लिहायचा डाटा आधी रॅममध्ये साठवतो आणि डर्टी रेशो (असा लिहायचा बाकी, म्हणजे 'डर्टी' डाटा उपलब्ध रॅमच्या किती टक्क्यांपर्यंत साठू द्यायचा ती मर्यादा) मुळात २० टक्के असतो, म्हणजे तुमच्याकडे ४०-५० जीबीसुद्धा तुंबू शकतो आणि मर्यादा गाठली की कर्नल लिहिणाऱ्या प्रोसेसलाच थांबवून ठेवतो, डिस्क बिचारी किती ओढणार! टक्क्यांऐवजी डर्टी बॅकग्राउंड बाइट्स (इतका साठला की कर्नल मागच्या मागे डिस्कवर लिहायला लागतो) २५६ एमबी आणि डर्टी बाइट्स (वरची कमाल मर्यादा) १ जीबी करून बघा (आकडा बाइट्समध्येच टाकायचा, रेशो मग ० दिसेल, घाबरू नका). बॅकअप चालू असताना मेमइन्फो फाइलमधली (/proc/meminfo) डर्टी ओळ बघत रहा, किती डाटा लिहायचा बाकी आहे ते तिथे दिसतं. स्वॅपिनेसला (रॅममधलं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये किती हलवायचं ते ठरवणारी सेटिंग) एवढ्यात हात लावू नका, लोक उगाच तिथूनच सुरुवात करतात.