‘शिकून शेवटी ताटंच उचलायची?’

मी कोल्हापुरात करिअर समुपदेशन करते. बारावीचा निकाल लागला की माझ्या राजारामपुरीतल्या खोलीत हे वाक्य येतंच. "मॅडम, हॉटेल मॅनेजमेंटचं खूळ तेवढं डोक्यातनं काढा." मुलगी असेल तर आईबापांचा आवाज आणखी खाली जातो. अशा पालकांसाठी एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडिलांचा उद्यमनगरात लेथचा कारखाना. मुलगी सायन्सची, मार्क चांगले. पहिल्या दिवशी वडील एकटेच बोलले. "रात्रपाळ्या, नको ते लोक, आणि काम काय तर दुसऱ्यांची उष्टी उचलायची. एवढ्यासाठी शिकवलं होय हिला?"

रात्रपाळीची काळजी खरी होती, तिच्यावर बोलता येत होतं. रात्री घरी सोडायला गाडी असते का, राहायची सोय काय, तक्रार कुणाकडे करायची, हे कॉलेजात आणि हॉटेलात सरळ विचारावं. पण ‘उष्टी’ म्हणताना त्यांचा चेहरा ज्या तऱ्हेनं बदलला, ते माझ्या लक्षात राहिलं.

आधी मुलीला वेगळं बसवलं. तिच्या डोक्यात पंचतारांकित लॉबी होती, झुंबर होतं. मी विचारलं, "हाउसकीपिंगला घातलं तर? दिवाळीत ड्यूटी लागली तर? सकाळी चार तास, मग सुट्टी, परत रात्री, अशी ब्रेक शिफ्ट असली तर?" ती गप्प झाली. मी तिला तीन रविवार अंबाबाईच्या देवळाजवळच्या एका ओळखीच्या लॉजवर काम करायला सांगितलं. करिअर निवडताना माझा भर यावरच असतो: आवड बोलून कळत नाही, करून कळते.

तिसऱ्या रविवारनंतर ती आली तेव्हा पाय सुजले होते. म्हणाली, "एका आजींना लिफ्टची भीती वाटत होती. मी त्यांचा हात धरून तीन मजले चढले. वर गेल्यावर त्यांनी पिशवीतला देवीचा प्रसाद काढून दिला. मॅडम, मला हेच काम पाहिजे." झुंबराचा विषय परत निघाला नाही.

पुढच्या बैठकीत वडिलांना विचारलं, "उष्टं उचलणं तुम्ही कुठं पाहिलंय?"

बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग सांगितलं. त्यांची आई खानावळ चालवायची. शाळा सुटली की हे वाढायला. एकदा वर्गातला मुलगा वडिलांबरोबर जेवायला आला आणि चुटकी वाजवून म्हणाला, "ए, पाणी." दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग चुटक्या वाजवत होता.

मी म्हटलं, "त्या दिवशी हलकं काय होतं? पाणी देणं, की चुटकी वाजवणं?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. चष्मा काढून पुसला, परत पुसला. शेवटी एवढंच म्हणाले, "आई गेली तोवर मी तिला कधी म्हणालो नाही, की तुझ्या खानावळीवर कारखाना उभा राहिला."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारानं चालणारी. माणसाला प्रसंग छळत नाही, त्या प्रसंगातून काढलेला निष्कर्ष छळतो, हे मी वीस वर्षं मानत आलेय. तरीही त्या दुपारी मला नवं कळलं. पोरीला अडवणारा हा बाप खरं तर त्या चुटकीपासून तिला वाचवत होता. विरोधामागचं प्रेम सापडलं की वाद घालावाच लागत नाही.

आणि हे कोल्हापूर आहे. अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळानं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. महाराज तिथं थांबून स्वतः चहा घेत, बरोबरच्यांनाही पाजत. कुणाच्या हातचा कप कोण घेतो, यात इथे माणसाची प्रतिष्ठा ठरली आहे.

मग माहितीचं बोललो. मुंबईत दादरला हॉटेल मॅनेजमेंटची केंद्रीय संस्था आहे, तसल्या ठिकाणी जायचं तर एनटीए या केंद्राच्या परीक्षा संस्थेची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांची पदवी. राज्याच्या सीईटीतून बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, केली तर चार वर्षं. स्वयंपाकघर, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग हे चारही विभाग शिकावे लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे मी लपवत नाही. कॉलेज बघताना इमारतीला भुलू नका. ट्रेनिंगला मुलं कुठे जातात आणि तिथे त्यांना शिकवतात की नुसतं राबवतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. आणि घरी ‘वेटर’ हा शब्द शिवीसारखा वापरत असाल, तर आधी तो थांबवा.

निघताना वडील दारात थांबले. मुलीच्या पायांकडे बघत म्हणाले, "मॅडम, दहा-दहा तास उभं राहायचं म्हणजे बूट कुठले घ्यावेत हो?"