मांजराचं बीपी १९० आलंय, थायरॉईडची टेस्ट खरंच लागते का, की डॉक्टर पैसे काढतायत?

लागते हो. ११ वर्षांची मांजर आणि १९० बीपी असेल तर टी-फोर (थायरॉईडची रक्ततपासणी) करायला सांगणारा डॉक्टर लुटत नाहीये. मांजरांचं बीपी बहुतेक वेळा दुसऱ्या कशामुळे तरी वाढतं, आधी किडनी, मग थायरॉईड, आणि तिसरी किडनीजवळची ॲड्रिनल ग्रंथी, जिच्याकडे कुणी बघतच नाही. आमची ढमी त्यातच आंधळी झाली म्हणून लिहितेय.

ढमी तेव्हा १३ वर्षांची. एका सकाळी ओट्यावरून उतरताना सरळ दुधाच्या पातेल्यावर आदळली. डोळ्यातल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या, टॉर्च मारला तरी आकसेनात. दादा (माझा मोठा भाऊ, मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे घरात डॉक्टर तोच) म्हणाला, "मांजराला कसलं डोंबलाचं बीपी, म्हातारी झालीये, मोतीबिंदू असेल." त्याच्या दोन महिने आधी एका डॉक्टरांनी क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) थोडं जास्त बघून किडनी म्हणून सोडून दिलं होतं. त्याच रिपोर्टवर पोटॅशियम २.७, म्हणजे कमी, छापलेलं, खाली नॉर्मल रेंज पण छापलेली! आणि ही बया तेव्हापासून हनुवटी छातीला टेकवून बसायची, मान वर उचलायचीच नाही, आम्ही म्हणायचो रुसलीये.

दुसऱ्या डॉक्टरांनी बीपी घेतलं तर २१०. दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटलेले. टी-फोर नॉर्मल आला, मग त्यांनी सोनोग्राफी केली तर डावी ॲड्रिनल ग्रंथी फुगलेली, रक्तात तिचं अल्डोस्टेरॉन हार्मोन भरमसाट. हे हार्मोन शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून घालवतं, पोटॅशियम कमी झालं की स्नायू ढिले पडतात, म्हणून बीपी वर आणि मान खाली. वयामुळे ऑपरेशनची हिंमत नाही झाली. अॅम्लोडिपिन (बीपीची गोळी), स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी) आणि पोटॅशियम सुरू केलं. अॅम्लोडिपिनच्या अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचे ब्लेडने चार तुकडे करायचे, एखादा तुकडा टाईल्सवर उडाला की आम्ही गुडघ्यांवर बसून शोधायचो. एका डोळ्याला थोडं दिसायला लागलं, दुसरा गेलाच.

तर टी-फोर कराच, पण सोबत क्रिएटिनीन, लघवी आणि पोटॅशियम पण. पोटॅशियम कमी आलं तर ॲड्रिनलची सोनोग्राफी करा असं तुम्हीच म्हणा, लाजू नका. टी-फोर नॉर्मल आला म्हणून थायरॉईड सुटला असं पण नाही, दुसरा आजार असेल तर तो आकडा खाली ओढला जातो, मग फ्री टी-फोर ही वेगळी टेस्ट करतात. आणि हो, ते १९० कसं घेतलं होतं? पिंजऱ्यातून काढून लगेच, शेजारी कुत्रा भुंकत असताना घेतलं असेल तर परत घ्या, शांत खोलीत, दहा मिनिटं बसू देऊन, पहिलं रीडिंग सोडून पाच-सहांची सरासरी. पण यात आठवडे घालवू नका, खरंच १८० च्या वर राहत असेल तर डोळे वाट बघत नाहीत.

मी डॉक्टर नाही, आणि किडनीच्या आजारातही पोटॅशियम कमी होतं, त्यामुळे तुमच्या मांजराला हेच असेल असं नाही. माणसांची गोळी दुकानातून आणून अंदाजाने तर अजिबात देऊ नका, दादाने पहिल्या दिवशी पाच मिलिग्रॅमची अख्खी गोळी काढली होती, मी हात धरला. तो अजून म्हणतो की डोळा मोतीबिंदूनेच गेला. रिपोर्ट माझ्याकडे आहे, दिवाळीला घरी आला की दाखवते त्याला.