इंदूरजवळ स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवता येईल अशी जागा आहे का?

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स ट्रॅकचा विचार डोक्यातून काढा, पहिल्यांदा जाल तर छोट्या ट्रॅकवर जा, आणि खर्च करायचाच तर इंजिनावर नको, ब्रेकवर करा. आता सविस्तर.

तुम्ही लिहिलंय की घरात स्विफ्ट आहे, बायपासवर चालवून हौस फिटत नाही, आणि एवढा मोठा नॅट्रॅक्स घरापासून तासाभरावर असताना आपल्याला आत का सोडत नाहीत. माझी नोकरी पीथमपूरलाच आहे, त्यामुळे हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच, बहुधा लग्नाच्या पंगतीत.

नॅट्रॅक्स हा रेस ट्रॅक नाही, गाड्यांच्या चाचण्या घ्यायचं सरकारी केंद्र आहे. जून 2021 मध्ये उद्घाटन झालं आणि ज्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, तो तिथला हायस्पीड ट्रॅक. लांबी 11.3 किलोमीटर, आशियात सर्वांत जास्त. कंपन्या तो भाड्याने घेतात आणि आपले टेस्ट ड्रायव्हर घेऊन येतात. गेटवर पावती फाडून गाडी आत घातली, असं तिथे होत नाही.

आणि खरं सांगू? सोडलं तरी तो तुमच्या कामाचा नाही. ट्रॅक अंडाकृती आहे आणि वळणं इतकी तिरपी बांधलीत की ताशी 250 च्या वेगातही गाडी बाहेर खेचली जात नाही. स्विफ्टचा दम दीडशेच्या पुढे कुठेतरी संपतो. म्हणजे नुसता पाय दाबून बसायचं आणि पेट्रोल जाळायचं. ब्रेक कुठे मारायचा, वळणात कुठून शिरायचं, यातलं काहीच तिथे शिकायला मिळणार नाही.

ट्रॅक डे म्हणजे हौशी लोकांनी आपापली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस. रात्री सराफ्यात खाऊन झालं की सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर असा ‘ट्रॅक डे’ करणारी पोरं तुम्हालाही माहीत असतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. पण कायदा राहू द्या, तिथे समोरून दुधाची गाडी येते हो.

खरे ट्रॅक लांब आहेत, त्याला इलाज नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटर, सोळा वळणं. 2011 ते 2013 फॉर्म्युला वन तिथेच झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल हा ड्रायव्हर जिंकला. तिथे हौशी लोकांसाठी ट्रॅक डे होतात, ग्वाल्हेरला कोणी नातेवाईक असतील तर मुक्काम करून जाता येतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक 3.717 किलोमीटरचा. कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे, 2.1 किलोमीटर. पुण्याकडे नाणोलीला नवा ट्रॅक झालाय. आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचा तोच, धुळे-नाशिकमार्गे एका दिवसात पोचता. यांपैकी कुठेही रोज उठून जाता येत नाही. एखादा क्लब किंवा आयोजक दिवसभरासाठी ट्रॅक घेतो आणि आपण त्यात आपली जागा बुक करायची, अशी रीत आहे.

बुद्धचं नाव मोठं, म्हणून सगळ्यांना आधी तिथेच जायचं असतं. माझं मत उलटं आहे. तिथला एक सरळ पट्टा किलोमीटरभराचा आहे. साध्या हॅचबॅकला तो संपता संपत नाही, आणि संपतो तेव्हा मागून कोणाची तरी पोर्शे डोक्यावर आलेली असते. छोट्या ट्रॅकवर तेच वळण दीड-दोन मिनिटांत पुन्हा समोर येतं, मागच्या वेळी काय केलं ते हाताला आठवत असतं. शिकणं तिथे होतं.

आता विमा. तुमची पॉलिसी काढा आणि ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ हा मजकूर शोधा. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल्स, हे सगळं त्यात ओळीने वगळलेलं सापडेल. ‘ही रेस नाही, फक्त ट्रॅक डे आहे’ हा युक्तिवाद विमा कंपनीच्या सर्वेअरसमोर टिकेल या भरवशावर जाऊ नका. भिंतीला गाडी लागली तर खर्च आपल्या खिशातून, हे घरी आधीच सांगून ठेवा. गाडीच्या कर्जाचे हप्ते चालू असतील तर मी म्हणेन, थांबा.

ब्रेकचं असं आहे की गावातलं किंवा हायवेवरचं ब्रेक मारणं आणि ट्रॅकवरचं, यांत काही नातंच नाही. प्रत्येक वळणाआधी जोरात ब्रेक लागतो आणि डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेशी ओल धरलेलं 155 च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली जातं. सर्व्हिस सेंटरवाला ‘अभी चलेगा साहब’ म्हणतो, ते एमजी रोडसाठी बरोबर असतं. तुम्ही मात्र जाण्याआधी ऑइल पूर्ण बदलून घ्या आणि ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त झिजले असतील तर तेही. पेडल मऊ लागलं किंवा करपल्याचा वास आला की त्या फेरीतच वेग कमी करा, ब्रेक न मारता एक फेरी हळू काढा आणि मग बाहेर या. बाहेर आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

सीटखालची पाण्याची बाटली काढा, ती घरंगळत पेडलमागे गेली की संपलं. डॅशबोर्डवरचे गणपतीबाप्पा चिकटवलेले नसतील तर त्यांनाही बॅगेत बसवा. बंद पडलेली गाडी ओढायचा टो हुक डिकीतल्या पान्यांसोबत असतो, तो आहे ना बघा. चाकांचे नट नीट आवळून घ्या, हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट न्या.

आयोजकाला फी विचारण्याआधी विचारा: एका वेळी किती गाड्या सोडता, नवख्यांची वेगळी तुकडी असते का, अँब्युलन्स दिवसभर उभी असते का. उत्तर गोलगोल आलं तर पैसे भरू नका. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, म्हणून ट्रॅकवर थोडी हवा काढावी लागते. ती घरी निघण्याआधी, टायर थंड झाल्यावर, आठवणीने परत भरा.